नदीकाठच्या कारखान्यांची माती आधी तपासा: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर

प्रत माहितीसाठी: प्रादेशिक अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, पुणे

महोदय,

सप्रेम नमस्कार.

औद्योगिक पट्ट्यातली जमीन रहिवासी वापराला द्यायची, याला सगळे ‘आय टू आर’ म्हणतात. आर्किटेक्ट म्हणतात, बिल्डरची लायझनिंगची माणसे म्हणतात, आणि आता चहाच्या टपरीवर आम्ही निवृत्त कामगारही म्हणू लागलो आहोत. खडकी-दापोडीपासून खाली मुंढवा-हडपसरपर्यंत, जिथे पूर्वी पाळीचे भोंगे वाजत, तिथे कुठे टॉवर उभे आहेत, कुठे रस्त्याच्या कडेने निळे पत्रे ठोकून आतली शेड पाडायचे काम चालू आहे. माझी मागणी एकच आहे. अशा जागेवर बांधकाम परवानगी देण्याआधी तिथे जमिनीत काय मुरले आणि काय पुरले ते शोधा, माती आणि खालचे पाणी तपासा, आणि जे निघेल ते घर घेणाऱ्याला दाखवा.

आधीच सांगतो, घरांना माझा विरोध नाही. बंद कारखाना वर्षानुवर्षे कुलपात ठेवून भंगारचोरांना आंदण देण्यापेक्षा तिथे माणसे राहिलेली केव्हाही बरी. टेकड्या फोडून किंवा शहराबाहेर शेतांत, रस्ता नाही आणि नळ नाही अशा ठिकाणी इमारती उठवण्यापेक्षा शहराच्या पोटातली जागा वापरणे शहाणपणाचे आहे. केशवनगर २०१७ मध्ये आपल्या हद्दीत आले. सकाळी साडेनऊला मुंढवा चौकात गाडीतून खाली उतरून पाच मिनिटे उभे राहावे, म्हणजे घरे आधी आणि बाकीचे मागाहून आले की काय होते ते दिसेल. पण ते दुखणे वेगळे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. जमिनीखालचे कुणी लिहिताना दिसत नाही.

मी बॉयलर अटेंडंट होतो. सगळी नोकरी नदीकाठच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात झाली. कारखान्याचे नाव मुद्दाम देत नाही. एका कंपनीशी भांडण काढायचे नाही, आणि पुढे जे सांगतो ते त्या काळच्या बहुतेक कारखान्यांत थोड्याफार फरकाने तसेच चालत होते.

कारखाने नदीकाठी आले ते पाण्यासाठी. मुंढव्याची डेक्कन पेपर मिल १८८५ची, स्टेशनजवळची राजाबहादूर मोतीलाल मिल १८९३ची, खडकीचा दारूगोळा कारखाना त्याही आधीचा, १८६९चा. स्वातंत्र्यानंतर इंजिनिअरिंगवाले आले. बॉयलरला पाणी, यंत्र थंड करायला पाणी, धुवायला पाणी, आणि वापरून झालेले सोडून द्यायलाही तीच नदी. नियम मागून आले. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले, केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४चा, आणि घातक कचऱ्याचे पहिले नियम १९८९चे. त्याआधी गाळ कुठे टाकला, राख कुठे पसरली याचा हिशोब ठेवायला कारखान्याला कुणी सांगितलेले नव्हते. जुन्या कारखान्याच्या आयुष्यातला मोठा काळ असा बिनकागदाचा आहे.

आता जमिनीत काय असते ते सांगतो. दगडी कोळशाची राख रोज निघायची, ती नदीकडच्या सखल भागात टाकून जागा सपाट केली जाई. पुढे त्यावरच सायकल स्टँड झाला. त्या राखेत शिसे, आर्सेनिक यांचे अंश असतात. फर्नेस ऑइलची टाकी जमिनीत पुरलेली असे. डिप रॉड टाकून पातळी मोजायची, रजिस्टरात लिहायची, आणि महिन्याच्या शेवटी जळलेले तेल आणि कमी झालेले तेल यांचा मेळ बसला नाही की स्टोअरवाला आणि बॉयलरवाला एकमेकांकडे बघायचे. तेल चोरीला गेले की जमिनीत, हे टाकी उकरल्याशिवाय कळायला मार्ग नसे. जळके तेल वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांच्या बुडात ओतले जाई. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाची रसायने असू शकतात. त्यांच्यावर निर्बंध घालणारा आदेश केंद्राने २०१६ मध्ये काढला, तोवर ते तेल कुठे कुठे सांडून गेले असेल ते सांगता येणार नाही.

सगळ्यात वाईट प्लेटिंग शॉप, म्हणजे धातूला मुलामा द्यायचा विभाग, आणि डिग्रीझिंगचा, म्हणजे तेलकटपणा काढायचा, टँक. प्लेटिंगला क्रोम, निकेल, सायनाइड. क्रोमचे पिवळे पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली जायचे आणि दर दोन-चार वर्षांनी फरशी खाऊन टाकायचे. फरशी नवी बसवली जाई, खालची माती तीच राही. कर्करोगाशी ज्याचे नाव जोडले जाते तो हा क्रोम, आणि तो पाण्याबरोबर सहज पुढे सरकतो. सुटे भाग धुवायला ट्रायक्लोरोएथिलीन वापरत. ते पाण्यापेक्षा जड असते. पुण्याचा खडक बेसॉल्ट आहे, अखंड दिसला तरी भेगांनी भरलेला. असले द्रव त्या भेगांतून खाली उतरून बसते आणि त्याची वाफ वर येत राहते. बंद बेसमेंटमध्ये ती साठू शकते. आजच्या प्रत्येक टॉवरखाली दोन-तीन मजल्यांचे पार्किंग असते, हे आपल्याला मी सांगायला नको.

आणि छपरे. सिमेंटचे पत्रे म्हणतो ते अस्बेस्टॉसचे. वाफेच्या पाइपांवरचे लॅगिंग, म्हणजे उष्णता राखायचे वेष्टण, तेही त्याचेच, दोरी आणि लगदा. पाडापाडीचे काम घेणारा जेसीबीने पत्रे चिरडतो, कारण एकेक पत्रा बोल्ट सोडून खाली उतरवायला चार पट मजुरी लागते. ती धूळ आधी तिथल्या मजुरांच्या छातीत जाते आणि मग शेजारच्या वस्तीत.

यातले काय आपल्या फायलीत येते? मी एका ओळखीच्या आर्किटेक्टकडे बसून अशी फाइल चाळली. सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड असते, झोन दाखला असतो, अग्निशमनची एनओसी, वृक्ष विभागाची एनओसी, लोहगाव विमानतळामुळे उंचीसाठी हवाई दलाची एनओसी. आकाशातल्या शेवटच्या मीटरची परवानगी लागते. पायाखालच्या पहिल्या दोन मीटरची मात्र कुणी विचारत नाही.

यावर अधिकारी सांगतात की मातीचा अहवाल असतो. असतो खरा. पण तो पायाच्या कामासाठी. बोअर मारतात ते काळी माती किती, मुरूम किती, खडक किती खोल लागतो आणि किती भार पेलेल ते बघायला. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर असेल तर राज्य पातळीवरची पर्यावरण मंजुरी लागते आणि तिथेही मातीचे नमुने येतात. मी पाहिलेल्या अहवालात सामू होता, नत्र, स्फुरद, पालाश होते. तिथे ज्वारी पेरायची असती तर तो अहवाल उत्तम होता. क्रोमचा आकडा नव्हता, तेलाचा नव्हता, आणि नमुने कुठून घेतले तर गेटजवळच्या लॉनमधून.

दुसरीकडे त्याच फायलीत कामगार आयुक्तांचा दाखला असतो. बंद कारखान्याची जागा रहिवासी वापराला द्यायची तर कामगारांची सगळी कायदेशीर देणी दिली, किंवा समाधानकारक तडजोड झाली, असा दाखला आणावा लागतो. नियम चांगला आहे. तो पाळताना कामगारांना किती हेलपाटे घालावे लागतात ही वेगळी कहाणी. इथे मुद्दा इतकाच की कारखान्याचा भूतकाळ आपल्या नियमात आधीपासूनच आलेला आहे. जुनी देणी फेडल्याशिवाय नवे बांधकाम नाही, हे तत्त्व सरकारने मान्य केलेले आहे. तेच मातीला लावायला नवे तत्त्वज्ञान लागत नाही, एक परिशिष्ट लागते.

ते परिशिष्ट लिहिताना मुंबईचे गिरणगाव आठवावे. १९९१च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेला आणि एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना द्यायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिस्सा फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीवर मोजायचा ठरला, आणि शहराच्या व कामगारांच्या वाट्याची जमीन कापरासारखी उडाली. म्हणून माती तपासायचा नियम केलात तर तो पूर्ण भूखंडाला लागू करा. ‘मोकळ्या जागेतून नमुने घ्यावेत’ एवढेच लिहिलेत तर नमुने पुन्हा लॉनमधूनच येतील. घाण शेडखाली असते.

आता जी गोष्ट मला रात्री झोपू देत नाही ती सांगतो. बिल्डर लेआउट कसा करतो? इमारत जिथे जास्त पैसे देईल तिथे. नदीकडचा कोपरा निळ्या पूररेषेत येतो, तिथे बांधता येत नाही. मग नियमाने सोडायची १० टक्के मोकळी जागा तिकडे ढकलतात. ब्रोशरमध्ये त्याला रिव्हरसाइड पार्क म्हणतात. आणि कारखान्यात नदीकडचा कोपरा म्हणजे काय? राखेची भर, ईटीपीची (कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेची) तळी, सांडपाण्याचा नाला, भंगाराचा ढीग. इमारतीखालची माती निदान खणून नेली जाते, वर काँक्रीट येते. बागेतली माती उघडी राहते. त्यात घसरगुंडी, झोके, वाळूचा हौद. लहान मूल माती तोंडात घालते, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

तसेच २० टक्क्यांच्या घरांचे. एक एकराहून थोडा कमी, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा भूखंड असेल तर सर्वसमावेशक गृहनिर्माणाखाली लहान घरे बांधून म्हाडाच्या सोडतीला द्यावी लागतात. माझ्या पुतण्याच्या मुलीने अर्ज भरला होता, नंबर लागला नाही. ती इमारत कुठे असते ते आपण प्रकल्पांच्या नकाशांवर स्वतः बघा. दर्शनी बाजूला क्वचित. मागच्या गेटला, ट्रान्सफॉर्मरशेजारी, वेगळा रस्ता काढून. कारखान्याच्या मागच्या बाजूला काय असायचे ते वर लिहिलेच आहे.

कायद्याचा आधार नाही असे आता म्हणता येणार नाही. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी द्यायची, मंडळाने प्राथमिक तपासणी करायची, गरज पडली तर सविस्तर तपासणी आणि शुद्धीकरण, आणि खर्च ज्याने घाण केली त्याच्याकडून. छान आहे. पण ही यादी होणार कशी? तलाठी काय वास घेत फिरणार आहे? यादी आपल्याकडे तयार आहे, साहेब. आय टू आरचा प्रत्येक अर्ज ही त्या यादीतली एक ओळ आहे. अर्ज आला की त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि मंडळाला जाईल, एवढी व्यवस्था उद्या सकाळी एका परिपत्रकाने होऊ शकते.

खर्च कोण करणार हा प्रश्न बिल्डर आधी विचारेल. आज जमिनीच्या भावात घाणीची किंमत धरलेलीच नसते, म्हणून कारखान्याचा मालक स्वच्छ जमिनीच्या भावाने विकून मोकळा होतो. तपासणी सक्तीची झाली की विकत घेणारा सौद्याआधीच बोअर मारून बघेल आणि भाव पाडून मागेल. खर्च आपोआप विकणाऱ्याच्या अंगावर जाईल, तिथेच तो जायला हवा. उशीर होईल म्हणतात. पाडकाम चालू असतानाच नमुने घेतले तर फार उशीर होत नाही. एरवी याच मंडळींच्या फायली एफएसआय आणि टीडीआरच्या, म्हणजे किती बांधता येईल याच्या, एकेका मुद्द्यावर वर्षभर पडून असतात, तेव्हा कुणी घाईचे नाव काढत नाही.

तपासले नाही तर काय होते, ते पाहायला लांब जायला नको. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या विहिरी कचरा डेपोच्या झिरप्याने नासल्या आणि लोकांना टँकरचे पाणी द्यावे लागले. तो तर डोळ्यांसमोर, वास येणारा डोंगर होता. तरी विहिरीचे पाणी बिघडायचे थांबले नाही. तमिळनाडूत कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ साली बंद पडला, आणि मातीतला पारा किती काढायचा, कारखान्याच्या निकषाने की माणसे राहायच्या निकषाने, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. आपल्याकडे तो वाद सुरूही होत नाही, कारण कुणी मोजतच नाही.

पुण्यात याला आणखी एक फाटा आहे. नव्या सोसायट्यांना महापालिकेचे पाणी पुरत नाही, तेव्हा बोअर आणि टँकर. म्हणजे ज्या जमिनीत क्रोम मुरला त्याच जमिनीतले पाणी उपसून लोक आंघोळीला आणि भांड्यांना वापरणार. बोअरच्या पाण्याची तपासणी झालीच तर ती क्षार आणि जंतू यांच्यासाठी होते. जड धातूंसाठी सांगूनही कुणी करत नाही, कारण प्रयोगशाळेचे बिल वाढते.

पावसाळ्यात बेसमेंटच्या खड्ड्यात पाणी भरते. डीवॉटरिंगचे पंप लावून ते रात्री पावसाळी गटारात सोडतात आणि तिथून ते नदीत जाते. खणलेली माती डंपरने जाते, कुठे ते डंपरवाल्यालाच ठाऊक. बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी नाल्याच्या काठावर, दुसऱ्या प्लॉटची भर म्हणून. एका प्लॉटची घाण अशी चार प्लॉटना वाटली जाते. घातक कचऱ्यासाठी रांजणगावला केंद्र आहे. मातीचा तिथवरचा हिशोब, डंपरच्या नंबरासकट, का मागू नये?

पुराचे थोडक्यात लिहितो, कारण त्यावर आपल्याकडे अहवालांची कपाटे भरली असतील. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५,००० क्युसेक पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. इतक्या विसर्गाला तिथे पाणी यायला नको होते, असे सगळेच नंतर म्हणाले. नदीकाठच्या कारखान्याच्या जमिनीवर भर टाकून जोते उचलले की ते पाणी समोरच्या काठाला जाते. आणि पूर उतरताना त्या जमिनीतून जे धुवून निघते, ते कुणाच्या कुठल्याच तक्त्यात येत नाही. ४४ किलोमीटरचा नदीकाठ विकास प्रकल्प आपण चालवता आहात, जायका या जपानी संस्थेच्या मदतीने ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभी राहताहेत. सांडपाणी उद्या शंभर टक्के शुद्ध झाले असे धरले तरी काठाच्या मातीतून झिरपणारे पाणी त्या केंद्रांतून जात नाही. ते थेट नदीत येते, आणि आपण बांधलेल्या फरसबंद घाटाच्या मागून येते.

शेवटी एक मागणी, जिला पैसा लागत नाही. कारखान्यात काय कुठे होते, हे कुठल्याही ड्रॉइंगमध्ये पूर्ण नाही. जी ड्रॉइंग होती ती कंपनी बंद होताना रद्दीत गेली. ती माहिती आमच्यासारख्यांच्या डोक्यात आहे. फिटर, प्लेटर, बॉयलरवाले, माळी. माळ्याला तर सगळ्यात जास्त माहिती असते, कारण कुठे काही उगवत नाही ते त्यालाच ठाऊक. आम्ही आता सत्तरीच्या पुढे आहोत. कामगारांच्या देण्यांचा दाखला तपासताना आपल्याकडे जुन्या कामगारांची यादी येतेच. त्यातल्या पाच-सहा जणांना एका दुपारी बोलवा, पाडकामाआधी साइटवर फिरवा, आणि टाकी कुठे, शॉप कुठे, तळे कुठे हे नकाशावर खुणा करून घ्या. बोअर त्या खुणांवर मारा. निकाल प्रकल्पाच्या महारेरा नोंदीत आणि खरेदीच्या करारनाम्यात जोडायला लावा. जिथे काही सापडेल तिथे ते काढल्याशिवाय कमेन्समेंट सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम सुरू करायचा दाखला, देऊ नका आणि तिथे बोअरवेलला परवानगी देऊ नका.

आमच्या कारखान्याचा असा नकाशा मी आणि प्लेटिंगमधल्या एका मित्राने कार्डबोर्डवर काढून ठेवला आहे. स्केल नाही, पण बॉयलर हाउसच्या चिमणीपासून पावलांनी अंतरे दिली आहेत. चिमणी अजून उभी आहे, पुढच्या महिन्यात पाडतील असे ऐकतो. बांधकाम विभागात हा नकाशा कुणाच्या टेबलावर द्यायचा ते कळवावे. मागच्या वेळी तीन खिडक्यांवरून परत आलो. आवक क्रमांक मिळाला तर बरे होईल.

आपला,
मुंढव्यातील एक निवृत्त बॉयलर अटेंडंट